समचरण

दिंडी गोव्यातल्या डिचोलीहून निघाली तेव्हा पावसानं नुसता धुमाकूळ घातला होता. १७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. साखळीच्या विठ्ठलापूरपर्यंत सात-आठ किलोमीटर. पूर्वी हे अंतर मी टाळ वाजवत, पावली खेळत कधी संपवायचो ते कळायचंही नाही. या खेपेला हातात काठी, आणि बायकोनं पिशवीत कोंबलेला थर्मामीटर.

त्या थर्मामीटरचं असं. २०२२च्या जूनमध्ये याच रस्त्यावर माझ्या स्कूटरला ट्रकनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आणि प्लीहा फुटली. ती बांबोळीच्या सरकारी इस्पितळात काढून टाकावी लागली, म्हणून वाचलो. प्लीहा नसलेल्या माणसानं साधा तापही अंगावर काढायचा नसतो, संसर्ग बघता बघता रक्तात भिनू शकतो. त्यासाठी न्यूमोनियाची लसही टोचली. पावसात भिजण्याचा याच्याशी संबंध नाही हे सांगून डॉक्टर थकले, बायको ऐकत नाही.

पायात रॉड बसला, हाड जुळलं, पण गुडघा आखडला. फिजिओथेरपीची मुलगी कोन मोजून आकडा सांगायची. ६०, ७५, मग किती आठवडे ९०वरच अडकला. एकदा तिनं दोन वजनकाटे शेजारी ठेवून एकेकावर एकेक पाय ठेवायला लावला. डावीकडे ४८, उजवीकडे १९. मला तर वाटत होतं, मी सरळ उभा आहे!

"काका, हा पाय तुम्ही नुसता टेकवताय. भार द्या त्याला."

विठ्ठलाला आपण समचरण म्हणतो. जन्मभर तो शब्द तोंडात होता, किती अवघड आहे ते त्या काट्यानं दाखवलं.

भीतीचा काटा मात्र कुणाकडे नव्हता. मागून ट्रकचा ब्रेक फुसफुसला तरी हातातला चहा सांडायचा. रात्री दोनला जाग यायची, दिवसा पोरावर उगाच खेकसायचो. पाय दाखवायला न चुकता जाणारा मी, झोपेचं सांगायला वर्ष लावलं. सांगितल्यावर समुपदेशन आणि गोळ्या सुरू झाल्या. वर्षभर उगाच कुढलो. तरी साखळीला जायचं तर लांबच्या वाटेनंच.

कारापूर तिस्कच्या अलीकडे ती मोरी आली. कठड्याचा ढासळलेला कोपरा तसाच होता. माझे पाय थांबले, तोंडाला कोरड पडली. दिंडी पुढे सरकली. एक म्हातारी मात्र मागे राहून त्याच कोपऱ्यात वाकली होती, तायकिळ्याचे, म्हणजे टाकळ्याचे, कोवळे शेंडे खुडत.

"किदें रे पुता, पांय दुखता?"

"इथंच मला ट्रकनं उडवलं होतं."

तिनं कठड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हांगा?" मग भाजीची पिशवी माझ्या हातात दिली. "हें धर मातशें." आणि पुन्हा खुडायला लागली. मी पिशवी धरून उभा. मागून एक ट्रक आला, चिखल उडवून गेला. पिशवी हातातून पडली नाही. एका हातात काठी, दुसऱ्यात भाजी, दचकायला हात मोकळा होता कुठे?

विठ्ठलापूरला पोचलो तेव्हा दर्शनाची रांग बरीच लांब गेली होती. मंडपात भजन रंगात आलेलं. गुडघा आता ११० अंशांपर्यंत वाकतो, पण तेवढ्यात मांडी घालता येत नाही. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. आदल्या वर्षी गावच्या भजनात अशीच खुर्ची दिली होती, तर रागानं घरी निघून आलो होतो. या वेळी बसलो, टाळ मागून घेतले. दोनदा ताल चुकला. बुवांनी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलंच नाही.

गर्दीत म्हातारी पुन्हा दिसली नाही, पिशवी माझ्याकडेच राहिली. द्वादशीला बायकोनं खोबरं आणि फणसाच्या बिया घालून भाजी केली. आधी थर्मामीटर तोंडात धरायला लावला, मग वाढली.