शॉकअप उघडायचे की नवे घालायचे?

आज गॅरेजमध्ये आमच्या फोर-बाय-फोरचे चारही शॉकअप उतरवले. ताम्हिणीकडच्या दगडी वाटा करून करून गाडी मागून डोलायला लागली होती, आणि डाव्या शॉकअपवर तेलात भिजलेल्या मातीचा थर बसला होता.

पुढचे ट्विन-ट्यूब, म्हणजे नळीच्या आत नळी असलेले. कारखान्यातच सीलबंद होऊन येतात, उघडायची सोय नाही. दाबले तर काही जोरच नाही. ते नवे, आणि जोडीनेच. एकच बदलला तर गाडी एका बाजूला वेगळी वागते.

मागचे मात्र मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, खोलता येणारे. मिस्त्रींनी दांडा फडक्याने स्वच्छ पुसला आणि म्हणाले, "नख फिरवून बघा." डाव्या दांड्यावर एका जागी क्रोम उडालंय, नख अडकलं. तिथे नवं सील घातलं तरी तो खड्डा त्याला पुन्हा कापणार. उजवा दांडा काचेसारखा गुळगुळीत. दोन्ही नळ्यांना पोचा नाही, याचा मला फार आनंद झाला. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो, त्यामुळे नळी चेपली की खर्च करण्यात अर्थ नसतो.

म्हणून मागचे रिबिल्ड: डावीकडे नवा दांडा, दोन्हीकडे सील, बुश, तेल. चांगली नळी भंगारात टाकणं मला पटतच नाही.

आत नायट्रोजन वायू भरायचं तेवढं राहिलंय. अशा शॉकअपला साधारण १५० ते २०० पीएसआय दाब लागतो, टायरवाल्याकडे ते काम होत नाही. पुण्यात कुणी खात्रीने भरून देत असेल तर नक्की सांगा.