तात्यांचा ताप उतरला: ट्रिक्सी, केवर्कर आणि जीपीई ६एफ

तात्यांना, म्हणजे माझ्या घरच्या सर्व्हर-लॅपटॉपला, तापवणारा सापडला एकदाचा. आणि गुन्हेगार ट्रिक्सी, म्हणजे डेबियन लिनक्सची १३ वी आवृत्ती, नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या नोंदीत मी तिच्यावर संशय घेतल्यावर बऱ्याच जणांनी आपापलं अपग्रेड पुढे ढकललंय. ढकलू नका.

तात्यांचा परिचय जुन्या मंडळींना आहेच. नव्यांसाठी: आय५-८२५०यू प्रोसेसरचा, एका ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला बारीक लॅपटॉप. टीव्हीखालच्या कपाटात झाकण मिटून चोवीस तास चालू. त्यावर जेलीफिन (गाणी-सिनेमांचा सर्व्हर), सिंकथिंग (यंत्रायंत्रांतल्या फाइली जुळवणारं), एक पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि कॅसेटवरून उतरवलेल्या कीर्तनांचा नि नाट्यपदांचा वाढता साठा. 

डेबियन १२ वरून १३ वर जाणं स्वतः अगदी सुरळीत झालं. त्रास सुरू झाला तो पहिल्या रीबूटनंतर. काहीही चालू नसताना प्रोसेसरचा एक थ्रेड ठाम १०० टक्क्यांवर. तात्यांकडे चार कोअर, आठ थ्रेड, त्यामुळे एकूण वापर म्हणून डॅशबोर्डवर दिसतात जेमतेम साडेबारा टक्के. कुणाच्या डोळ्यांत येणार? माझ्या कानांत आलं. पंखा थांबेना. तापमान ४५ वरून ६८ वर, लोड ॲव्हरेज (चालू नि रांगेतल्या कामांची सरासरी) १ च्या खाली उतरेना आणि भिंतीवरच्या मीटरवर ६ वॅटच्या जागी १५. नऊ वॅट जास्त म्हणजे महिन्याला साडेसहा युनिट, फुकट.

संशयितांची पहिली फळी पटकन उरकतो. पोस्टग्रेस १५ चं १७ झालं होतं आणि ग्लिबसी ही सिस्टिमची मूळ लायब्ररीसुद्धा बदलली होती, म्हणून कोलेशनची, म्हणजे अक्षरांच्या क्रमाची, तक्रार येत होती. रीइंडेक्स करून कोलेशनची आवृत्ती रिफ्रेश केली, तक्रार गेली, पंखा तसाच. जेलीफिनचं लायब्ररी स्कॅन थांबवलं, पंखा तसाच.

तिसरा संशयित मात्र खरोखर काहीतरी करत होता, आणि कॅसेटवाल्यांनी हा परिच्छेद नीट वाचा. ट्रिक्सीत /टीएमपी हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर आता मुळातच टीएमपीएफएस आहे, म्हणजे रॅममध्ये, निम्म्या रॅमपर्यंत. माझी स्क्रिप्ट ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटचं कच्चं वेव्ह तिथेच टाकायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटचं ते होतं तीन जीबीच्या वर. तात्यांची रॅम आठ जीबी. कॅसेट चालू असताना केस्वॅपडी, म्हणजे रॅम कमी पडली की ती मोकळी करणारा, धापा टाकत होता तो यामुळे. स्क्रिप्टची तात्पुरती जागा डिस्कवरची /व्हार/टीएमपी केली, तो शांत झाला. पण हे फक्त कॅसेट उतरवताना. रात्री तीन वाजता कोणती कॅसेट?

आता एचटॉप, म्हणजे कोणता प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातो ते दाखवणाऱ्या टॉपची रंगीत आवृत्ती, तिच्याबद्दल दोन शब्द, कारण एचटॉपवर माझा राग आहे. वरच्या पट्ट्यांमधली एक काठोकाठ भरलेली आणि खालच्या यादीत सगळे शून्य-एक टक्क्यावर. हिशेबच जुळेना. कारण एचटॉप मूळ सेटिंगमध्ये कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, स्वतःचे थ्रेड लपवतो. कॅपिटल के दाबलं की साहेब पहिल्या ओळीत हजर. सुंदर रंग, सुंदर पट्ट्या, आणि नेमका चोर पडद्याआड! साध्या टॉपने हे नाव पहिल्याच झटक्यात दाखवलं असतं. निदानासाठी टॉप, शोभेसाठी एचटॉप, असं माझं मत आता पक्कं झालंय.

नाव होतं केवर्कर, आणि अधिकच्या चिन्हापुढे केएसीपीआयडी. नुसतं केवर्कर म्हणजे काहीच कळत नाही, तो कर्नलचा हरकाम्या. पण पुढची शेपटी सांगते की तो सध्या कोणाच्या रांगेतलं काम उपसतोय. इथे एसीपीआयच्या, म्हणजे कर्नल आणि फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) यांच्यातल्या बोलण्याच्या व्यवस्थेच्या. कोणतं फंक्शन वेळ खातंय ते दाखवणारं पर्फ टॉप लावून पाहिलं तर वर सगळी एसीपीआयच्या इंटरप्रिटरची फंक्शन्स. म्हणजे फर्मवेअरने दिलेली कुठली तरी मेथड कर्नल पुन्हा पुन्हा चालवत होता. हार्डवेअरने कर्नलला किती वेळा टोकलं (इंटरप्ट) ते मोजणाऱ्या प्रॉक-इंटरप्ट्सच्या फाइलमध्ये ९ नंबरच्या ओळीवर, जिथे एसीपीआय लिहिलेलं असतं, आकडा बघता बघता पळत होता.

इथून पुढे सोपं. सिस खालच्या फर्मवेअर, एसीपीआय, इंटरप्ट्स या फोल्डरात प्रत्येक जीपीईची एकेक फाइल असते आणि आत तिचा मोजणी-आकडा. सगळ्या एकदम छापल्या, क्षणभर थांबून परत छापल्या. बाकी सगळ्या जागच्या जागी, ६एफ मात्र कित्येक हजारांनी पुढे. जीपीई म्हणजे हार्डवेअरने कर्नलला दिलेली हाक. झाकण मिटलं, चार्जर लावला, पोर्टात काही खुपसलं, की ही बेल वाजते, कर्नल दार उघडून पाहतो, काम करतो, दार लावतो. इथे दार लावलं की लगेच बेल. परत उघडा.

त्या फाइलीत रूट म्हणून डिसेबल हा एक शब्द लिहिला. पंख्याचा आवाज उतरत उतरत बंद झाला आणि मीटरवर १५, ११, ८, ७. मी तो मीटर बराच वेळ नुसता बघत बसलो. आई म्हणाली, काय रे, मॅच आहे का?

पण कारण? तोडगा सापडला म्हणून कारण सापडलं असं नाही. ग्रबमध्ये, म्हणजे बूट होताना दिसणाऱ्या निवडीच्या यादीत, बुकवर्मचा (डेबियन १२चा) ६.१ कर्नल अजून होता. तात्यांना कपाटातून काढून टेबलावर आणलं, झाकण उघडलं, जुना कर्नल निवडला. पूर्ण शांतता. मग काय, ६.१ निर्दोष, ट्रिक्सीचा ६.१२ दोषी, खटला निकाली. मी गिट बायसेक्टची, म्हणजे नेमका बिघडवणारा बदल शोधायची, तयारीही सुरू केली. दोन्हींच्या मध्ये इतके बदल आहेत की प्रत्येक वेळी अर्धे अर्धे करत गेलं तरी सतराएक वेळा कर्नल बांधावा लागतो. तात्यांवर ते बांधणं म्हणजे छळ. डेस्कटॉपवर बांधून इकडे आणायचं ठरवलं, आणि तोवर तात्यांना ६.१ वरच कपाटात परत ठेवलं.

कपाटात रीबूट. ६.१. पंखा चालू.

तोच कर्नल, तेच यंत्र, टेबलावर गप्प आणि कपाटात बोंब. फरक एकच: कपाटात टाइप-सी हब लावलेला असतो, कारण या लॅपटॉपला स्वतःचा लॅन पोर्ट नाही. मग उलटतपासणी. ६.१२, हबशिवाय बूट: शांत. ६.१२, बूट झाल्यावर हब लावला: शांत. हब लावून बूट: वादळ. ६.१ वरही हुबेहूब हेच. म्हणजे कर्नलच्या आवृत्तीचा काही संबंधच नाही. हब आला तेव्हा तो चालू तात्यांना लावला होता आणि त्यानंतर अपग्रेडपर्यंत रीबूट झालंच नव्हतं. अपग्रेडने आणलेली खरी गोष्ट ६.१२ नव्हे, रीबूट. बायसेक्ट रद्द.

मग उत्सुकता गप्प बसू देईना. एसीपीआयडम्पने फर्मवेअरची कोष्टकं काढली, आयएएसएलने उलगडली आणि त्यातल्या डीएसडीटी या मुख्य कोष्टकात एल६एफ नावाची मेथड शोधली. नावातला एल म्हणजे लेव्हल. एज, म्हणजे सिग्नल बदलताना एकदाच हाक, असती तर ई असतं. लेव्हल असली की सिग्नलची तार वर आहे तोवर इंटरप्ट येतच राहतो. कर्नल मेथड चालवतो, जीपीई पुन्हा सुरू करतो, तार अजून वरच, पुन्हा पहिल्यापासून. तार खाली आणणं मेथडचं काम. ही मेथड तपासते थंडरबोल्ट कंट्रोलर, जो या मॉडेलमध्ये बसवलेलाच नाही. महागड्या भावाचं फर्मवेअर स्वस्त भावाला तसंच घातलेलं दिसतं. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. एफडब्ल्यूअपडी या फर्मवेअर अपडेट करणाऱ्या साधनाने दिलेलं शेवटचं फर्मवेअर बसवलेलंच आहे आणि त्यातही ही मेथड जशीच्या तशी आहे.

कायमचा इलाज: फाइलीत डिसेबल लिहिणं रीबूटपर्यंतच टिकतं, आणि काही यंत्रांवर सस्पेंडमधून उठल्यावरही ते पुसलं जातं. सुरुवातीला दर बूटला तो शब्द लिहिणारं सिस्टिमडीचं छोटं युनिट लिहिणार होतो. लिहायला घेतलंही. पण कर्नलला याच दुखण्यासाठी बूट पॅरामीटर आहे, एसीपीआय_मास्क_जीपीई, ४.१० पासून. ग्रबच्या ओळीत त्यापुढे ०एक्स६एफ टाकलं, अपडेट-ग्रब चालवलं, हब लावून बूट केलं. शांत. युनिट कचऱ्यात.

हे उचलून स्वतःच्या यंत्रावर चिकटवण्याआधी एक तपासणी कराच. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ईसीची ओळ शोधा, तिथे एम्बेडेड कंट्रोलरची जीपीई लिहिलेली असते. माझ्याकडे ती १७ आहे. तुमचं वादळ नेमकं ईसीच्याच जीपीईवर असेल तर मास्क करू (झाकू) नका. बॅटरीची टक्केवारी, झाकण, चार्जरची जाणीव, सगळं आंधळं होईल. ६एफ झाकल्यावर मी झाकण, चार्जर काढणं-घालणं, पॉवर बटण सगळं पाहिलं. चालतंय. लाइट गेली की बॅटरीवर जाऊन आल्याची नोंदही लॉगमध्ये येते, जी माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची.

जाता जाता सामानाबद्दल. केवर्कर सापडायच्या आधी मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून थर्मल पेस्ट आणून लावली होती. इतक्या जुन्या यंत्राला ती हवीच होती, पण ती सहा अंशांच्या वर काही देत नाही. पंखा ओरडला की आधी स्क्रूड्रायव्हर नको, आधी टॉप. पेस्ट छोट्या सिरिंजमधली घ्या, डबीतली नको, उघडली की सुकते. आणि स्वस्त प्लग-मीटरच्या १० वॅटखालच्या आकड्यावर फार विसंबू नका, माझा तर कधी कधी सरळ शून्य दाखवतो. फरक बघायला ठीक.

पुढचा बेत होता एनव्हीएमईवर जागा वाढवायची. तो मागे पडला, कारण हे लिहिता लिहिता विजेचा वापर दाखवणारं पॉवरटॉप उघडून बसलोय आणि त्यात प्रोसेसरचं पॅकेज पीसी३ च्या खाली जातच नाही (आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ). हब उपसला, वायफायवर आणलं, की पीसी८. म्हणजे वादळ थांबलं तरी हब तात्यांना गाढ झोपू देत नाहीच. आधी वाटलं ऑटोसस्पेंड, म्हणजे रिकामं यूएसबी उपकरण आपोआप झोपवणं, चालू करावं, पण चालू लॅन पोर्ट झोपणार कधी? आता साधा यूएसबी-ए गिगाबिट अडॅप्टर आणून हबला रजा द्यावी म्हणतोय. तसं झालं तर मास्कचीही गरज उरणार नाही. आरटीएल८१५३ चिपचा की एएक्स८८१७९ चिपचा, यात अडकलोय. कुणाकडे यापैकी एक चोवीस तास लावलेला असेल तर पॉवरटॉपमधला पॅकेजचा आकडा कळवा, कोणत्या कर्नलवर तेही.