माशाला मान का नसते?

माझी भाची मनू अकरा वर्षांची होईपर्यंत तिने अख्खा मासा फक्त चित्रात आणि काचेच्या टाकीत पाहिला होता. दादा-वहिनी ठाण्याच्या पलीकडे राहतात, दोघंही नोकरीला, त्यामुळे मासे मोबाइलवरून मागवतात. ते येतात धुतलेले, डोकं काढलेले, एकसारख्या तुकड्यांचे. त्यांना मी बोल लावत नाही. रात्री आठला घरात पाऊल टाकणाऱ्या बाईने खवले कधी काढायचे? पण दिवाळीच्या सुट्टीत मनू आठ दिवस माहीमला आमच्याकडे आली, तेव्हा मी ठरवून टाकलं की रविवारचे मासे हिच्या हातून साफ करून घ्यायचे.

सिटीलाइटजवळच्या गोपी टँक मार्केटात आमची मावशी ठरलेली आहे. तिच्याकडे त्या दिवशी बांगडे होते, एक मध्यम ढोमा होता आणि कोळंबी. "कापून देते ना गो बाय?" तिने सवयीने कोयता उचलला. मी नको म्हटलं, पोरीला शिकवायचंय. तशी तिने कोयता खाली ठेवला, मनूला एकदा नीट न्याहाळलं आणि कोळंबीचा आणखी एक मूठभर वाटा पिशवीत टाकला.

घरी ओट्याखाली वर्तमानपत्र अंथरलं, विळी काढली. मी पंचवीस वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे घाण वाटणं वगैरे माझ्यात उरलेलं नाही. मनूने मात्र पहिली दहा मिनिटं नाक धरलं होतं. पहिल्या बांगड्याचं डोकं कुठून काढायचं ते मी दाखवलं: कल्ल्यांच्या मागे, पराच्या मुळाशी तिरकं. तिने माशावरून बोट फिरवलं आणि नाकावरचा हात काढून विचारलं, "आत्या, याची मान कुठाय?"

मी हजारो बांगडे कापले असतील. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर मात्र माहीत होतं, कारण वाचनाचं वेड आहे. माशाची कवटी खांद्याच्या हाडांना जोडलेली असते. डोकं वळवायचं तर त्याला अख्खं अंग वळवावं लागतं. पाण्यात त्याने काही अडत नाही, शेपटीचा एक फटका मारला की झालं. जमिनीवर किंवा उथळ पाण्यात, चार पायांवर अंग टेकलेलं असताना, नुसतं डोकं फिरवता आलं तर भक्ष्य पटकन पकडता येतं.

"म्हणजे मासा 'नाही' म्हणूच शकत नाही?" मनू म्हणाली. बाहेरच्या खोलीतून आई हसल्याचं ऐकू आलं.

मग मी तिला टिकटालिकची गोष्ट सांगितली. २००४ साली कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समियर बेटावर, खडकात एका माशाचे जीवाश्म सापडले. वय सुमारे साडेसदतीस कोटी वर्षं. तिथल्या इनुइट लोकांच्या भाषेत गोड्या पाण्यातल्या एका मोठ्या माशाला टिकटालिक म्हणतात, तेच नाव त्याला दिलं. खवले माशाचे, पर माशाचे. पण डोकं खांद्यापासून सुटलेलं. मान! आणि पराच्या आत काय होतं ते मी मनूला तिच्याच हातावर चाचपायला लावलं. दंडात एक हाड. कोपराखाली दोन, मनगट फिरवलं की ती एकमेकांवरून सरकतात. त्यापुढे मनगटाची बारीक बारीक खडीसारखी हाडं. एक, मग दोन, मग पुष्कळ. हीच मांडणी त्या माशाच्या परातही दिसते. माशाच्या वासाचे हात तसेच ठेवून ती कितीतरी वेळ स्वतःचं कोपर दाबत बसली होती.

मग अर्थातच तिने बांगड्याचा पर उघडून पाहिला. त्यात तसलं काही नव्हतं, पंख्याच्या काड्यांसारखे नुसते बारीक काटे. म्हणून बांगडा आपला पणजोबा नव्हे, चुलत घराण्यातला. हाडा-मांसाच्या जाड परांचे मासे ते आपलं घराणं. पाण्यात राहणारे त्यातले आता फुप्फुसमासे आणि सीलाकँथ एवढेच उरलेत, आणि सीलाकँथ तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपला अशी सगळ्यांची समजूत होती. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ तो जिवंत सापडला.

ढोम्याचं पोट मी फाडलं. आधी पित्ताची हिरवट पिशवी अलगद काढली, कारण ती फुटली की कालवण कडू. मग पाठीच्या कण्याला चिकटलेला पांढरा फुगा मनूला दाखवला. कोळी लोक त्याला भोत म्हणतात. घोळीच्या भोताला तर सोन्यासारखा भाव येतो. २०२१ साली पालघरकडच्या एका नावेला घोळीचा थवा लागला आणि एका खेपेत कोटीच्या वर पैसे झाले, ती बातमी आमच्या मार्केटात महिनाभर चघळली जात होती. हवेने भरलेली ही पिशवी माशाला पाण्यात हव्या त्या खोलीवर तोलून धरते. मुशीला, म्हणजे शार्कला, ती नसते, तिचं काम तेलाने भरलेलं मोठं यकृत भागवतं.

डार्विनला वाटलं होतं की अशा भोतापासून पुढे आपलं फुप्फुस झालं. नातं त्याने बरोबर ओळखलं, क्रम उलटा निघाला. हाडं असलेल्या जुन्या माशांना आधी साधी फुप्फुसं होती. बहुतेकांच्या वंशात त्यांचं भोत झालं, आपल्या वंशात फुप्फुसं फुप्फुसंच राहिली. ढोम्याच्या पोटातला तो फुगा बोटाने दाबताना आपल्या छातीत काय हलतंय हे कळलं की हात जरा जपून चालतो, निदान माझा तरी.

आता कोळंबी. कोळंबी सोलायला आईही येऊन बसली, ते तिचं खास काम. टरफल काढायचं, पाठीवर सुरीने हलकी रेघ मारायची आणि काळा दोरा ओढून काढायचा. काहीजण त्याला शीर म्हणतात. ती शीर नाही, आतडं आहे, आणि काळं दिसतं ते कोळंबीने खाल्लेलं. हे ऐकून मनूने "ई" केलं आणि पुढच्याच क्षणी थांबली. "पण आत्या, आतडं पाठीत कसं? पोटात नको?"

मी तिला दुसरी कोळंबी उलटी धरून दिली. पोटाच्या बाजूने, जिथे पाय फुटतात तिथे, मांसात एक बारीक पांढरट धागा असतो. बहुतेकजण तो काढत नाहीत, काढायची गरजही नाही. ती कोळंबीची मज्जारज्जू. आपल्यात मज्जारज्जू पाठीत आणि आतडी पुढे. कोळंबीत आतडं पाठीत आणि मज्जारज्जू पुढे. सगळं आहे तेच, पण पालथं.

पॅरिसमध्ये एतिएन जोफ्र्वा सँतिलेर नावाचा प्राणिशास्त्रज्ञ होता. १८२२ साली त्याने शेवंड कापून पाठीवर उताणी ठेवली आणि म्हणाला, बघा, अशी ठेवली की हिची आतली मांडणी आपल्यासारखीच लागते. तेव्हाचा मोठा पंडित जॉर्ज क्युव्हिए याला ते मुळीच पटलं नाही. सगळे प्राणी एकाच आराखड्यावर बेतलेत की नाहीत यावरून १८३० मध्ये दोघांचा भर सभेत वाद झाला आणि लोकांच्या लेखी क्युव्हिए जिंकला. शेवंडीचा मुद्दा दीडशेहून जास्त वर्षं वेडगळ कल्पना म्हणून बाजूला पडला. मग १९९५-९६ च्या सुमाराला गर्भ कसा घडतो ते पाहणाऱ्यांना फळमाशीतलं एक जनुक मिळालं. माशीच्या गर्भात ते पोटाच्या बाजूला काम करतं, जिथे तिची मज्जारज्जू होणार असते. तेच बेडकाच्या गर्भात घातलं तर तिथे ते पाठ घडवतं, म्हणजे पुन्हा मज्जारज्जूचीच बाजू. बेडकात त्या कामाचं स्वतःचं जनुकही सापडलं, माशीच्या जनुकाशी मिळतंजुळतं. कोळंबीचा आणि आपला समाईक पूर्वज ५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्यानंतर कधीतरी आपल्या बाजूचं कोणीतरी उलटं झालं. जोफ्र्वाला हे बघायला मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

धुतलेल्या पाण्याकडे बघून मनूच म्हणाली की बांगड्याचं पाणी लाल झालं आणि कोळंबीचं नाही. हे माझ्या धंद्यातलं. बांगड्याच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन, त्यात लोह. कोळंबीच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, त्यामुळे प्राणवायू घेतला की त्याला निळसर झाक येते आणि एरवी रंगच नसतो. लॅबमध्ये रोज शंभर-दीडशे नळ्या हाताळते मी, सगळ्या लाल. त्यातली एखादी निळी निघाली असती तर काय वाटलं असतं, असा विचार कधीकधी येतो.

जेवायला ढोम्याचं कालवण होतं. डोकं आईचं, हा आमच्या घरातला जुना नियम. तिचे दात आता फारसे राहिले नाहीत, पण डोकं ती असं निगुतीने खाते की ताटात फक्त चकचकीत हाडं उरतात. आणि कडेला दोन पांढरे खडे. ढोमा, घोळ या माशांच्या डोक्यात हे खडे चांगले मोठे असतात. मनूला वाटलं भातात खडा आला.

ते माशाच्या कानातले खडे. बाहेरून कान दिसत नाहीत, पण कवटीच्या आत असतात. मासा तिरका झाला, खाली गेला, आवाज आला की जड खडा जरा मागे राहतो आणि त्याच्याखालच्या बारीक केसांना ते कळतं. मासा वर-खाली ओळखतो तो यावरून.

आईला हे समजवायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी एका पहाटे तिने कूस बदलली आणि खोली गरगर फिरायला लागली. पलंगाची कड धरून ती ओरडली, मी धावत गेले तर तिचे डोळे एका बाजूला सरकत होते, परत येत होते, सरकत होते. एकांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. दीड महिना लिंबूपाणी, कोरडं खाणं, आणि उशीवर डोकं टेकवायचीही भीती. रात्र रात्र ती खुर्चीत बसून काढायची. शेवटी कानाच्या एका डॉक्टरांनी तिला टेबलवर आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवून धरलं, थांबले, दुसऱ्या बाजूला वळवलं, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. पाच-सात मिनिटांचं काम. जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांची ही पद्धत. आमचे डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमच्या कानातले खडे जागेवरून सरकले होते." आपल्याही कानात कॅल्शियम कार्बोनेटचे कण असतात, अगदी सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारे. ते बाजूच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडले की मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डोकं ठरावीक क्रमाने वळवलं की ते घरंगळत मूळ जागी येतात. ढोम्याचा खडाही कॅल्शियम कार्बोनेटचाच.

त्या दिवसापासून आई माशाच्या डोक्यातले खडे टाकत नाही. धुऊन पुसून कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवते. का, ते मी विचारलेलं नाही.

मनू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, मग आपण नातेवाइकांना खातो?"

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आईने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खातो. म्हणून टाकायचं नाही. ते डोकं पुढे कर, त्यातलं गालाचं मांस राहिलंय बघ."

मंगळवारी आम्ही शिवडीच्या जेट्टीवर गेलो. ओहोटी होती, फ्लेमिंगो अजून आले नव्हते, पण चिखलात निवट्या भरपूर होत्या. परांवर रेलून सरकत होत्या, मधेच उड्या मारत होत्या, डोळे डोक्याच्या वर. त्यांना ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेता येतो. मनूने लगेच विचारलं, या आपल्या पूर्वज का? नाही. बांगड्याच्या घराण्यातल्याच या, पण आपापल्या वाटेने चिखलावर आल्या. "म्हणजे यांनाही मान नसणार," ती म्हणाली आणि कठड्यावर वाकून खात्री करून घेत बसली. भरती चढायला लागेपर्यंत ती काही तिथून हलली नाही.

जाताना आईने तिला डबीतला एक खडा दिला. माशाच्या खड्यावर वर्षागणिक थर चढतात, झाडाच्या खोडासारखे. मधोमध घासून काढला की वर्तुळं दिसतात. थंड समुद्रातल्या माशांत ती ठळक असतात, आपल्याकडच्या उबदार पाण्यात पुसट. मनूने तो घरी जाऊन काचकागदावर घासला, भिंगाखाली धरला आणि काल रात्री मला फोटो पाठवला. ती म्हणते पाच वर्षं. मला चारच दिसतात. अगदी कडेची जी रेघ आहे ती धरायची की नाही, यावर आमचं अजून ठरायचंय.