बीटी८७८: रिस्क प्रोग्राम चालला, दोन्ही फील्ड वेगळी उतरली

मंडळी, बीटी८७८ चिपच्या व्हिडिओ कॅप्चर कार्डातून (टेपवरचं चित्र संगणकात घेणारं कार्ड) सलग चित्र यायला लागलं! मागच्या नोंदीत रजिस्टरं (चिपचे नियंत्रणाचे कप्पे) मॅप झाली होती आणि पीएलएल (एका क्रिस्टलपासून हवी ती वारंवारता बनवणारं सर्किट) लॉक झाला होता (माझ्या कार्डावर २८.६३६३६ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल आहे, पालसाठी, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीसाठी, ३५.४६८९५ लागतो). डीएमए (सीपीयूला न गुंतवता डेटा थेट मेमरीत टाकणं) बाकी होता, तो आता झाला.

लिनक्समधला या चिपचा बीटीटीव्ही ड्रायव्हर उत्तम आहे, यात वादच नाही. तरी स्वतःचं मॉड्यूल लिहायला घेतलं ते या कॅसेटींसाठी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं घरगुती चित्रण आहे, व्हीएचएसवर. भोपळा कापण्यापासून जवारी (घोडी घासून तारेला आणलेला झंकार) काढण्यापर्यंत. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरते तेव्हा कारागिराचं मनगट किंचितच हलतं, आणि सगळी विद्या त्या हलण्यात आहे. पालमध्ये सेकंदाला फ्रेम २५, पण फील्ड (एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) ५०. दोन फील्ड मिसळून एक फ्रेम केली की कानशीच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. ते पुसायला गेलं की निम्मी हालचाल जाते. म्हणून मला प्रत्येक फील्ड स्वतंत्र हवं आहे, त्याच्या वेळेसकट.

ब्रुकट्रीच्या या चिपची खरी गंमत तिच्या रिस्क इंजिनात आहे. आपण रॅममध्ये छोटा प्रोग्राम मांडायचा, त्याचा पत्ता रजिस्टरात द्यायचा. पुढे चिप स्वतःच आदेश वाचत जाते आणि पिक्सेल थेट मेमरीत टाकते. सीपीयू मधे येतच नाही. राइट आदेशाच्या वरच्या चार बिटांत आदेशाचा प्रकार, बिट २७ म्हणजे ओळ सुरू, बिट २६ म्हणजे ओळ संपली, खालच्या १२ बिटांत बाइटसंख्या. पुढच्या ३२ बिटांत पत्ता.

७२० पिक्सेलची ओळ म्हणजे १४४० बाइट, आणि मेमरीचं पान ४०९६चं. पानं रॅममध्ये विखुरलेली असतात, त्यामुळे फील्डची तिसरीच ओळ पानाची हद्द ओलांडते. तिथे एका ओळीचे दोन आदेश करावे लागतात: १२१६ बाइट ‘ओळ सुरू’ लावून, उरलेले २२४ ‘ओळ संपली’ लावून. हा हिशेब कागदावर मांडून बघाच, मग अख्खं इंजिन डोळ्यांपुढे उभं राहतं. पत्ता ३२ बिटीच असल्यामुळे ४ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर डीएमए मास्क (चिपला पोचता येईल अशाच पत्त्यांची मर्यादा) आठवणीने लावा.

प्रत्येक फील्डच्या शेवटच्या जंप (दुसऱ्या पत्त्यावर उडी मारणाऱ्या) आदेशात इंटरप्टचं (सीपीयूला इशारा देणारं) बिट आणि स्टेटसची बिटं ठेवली आहेत. इंटरप्ट आला की फील्ड सम की विषम, हे स्टेटस रजिस्टरातूनच कळतं.

जुन्या टेपचा सिंक (ओळ, फील्ड कुठे सुरू होते याची खूण) मधेच ढळतो. त्यासाठी सिंक आदेशात रीसिंकचं बिट लावलंय: अपेक्षित खूण मिळेपर्यंत चिप डेटा टाकून देते, त्यामुळे पुढचं फील्ड पुन्हा वरच्या ओळीपासून नीट सुरू होतं. चित्राच्या तळाशी हेड बदलताना येणारा खरखरीचा पट्टा मी कापलेला नाही, कापूही नये. मूळ प्रत जशी आहे तशीच ठेवावी.

पीसीआय बसवर (कार्ड आणि मेमरी यांमधला डेटाचा मार्ग) ताण नाही. सेकंदाला साधारण २ कोटी ७ लाख बाइट जातात, बसची कमाल १३३ एमबी.

आता चिपचं दुसरं पीसीआय फंक्शन, म्हणजे आवाज. जवारी लागली की नाही हे शेवटी कानच ठरवतो, तेव्हा आवाजाची वेळ फील्डच्या वेळेशी जुळलीच पाहिजे. सांगली-मिरजेत कुणाकडे चालू स्थितीतला एस-व्हीएचएस व्हीसीआर असेल तर जरूर सांगा. ब्राइटनेस आणि रंग वेगळ्या तारांतून घेऊन याच कॅसेटी पुन्हा उतरवायच्या आहेत.