पाऊस कोणावर पडतो

जालना, रविवार रात्र

आज चर्चमधली उपासना सुटल्यावर आवारात मंडळी पावसाचंच बोलत होती. आमच्यातले एक काका म्हणाले, "पावसानं ओढ दिली ती उगाच नाही. पाप वाढलंय, देव शिक्षा देतोय." त्यांची स्वतःची दुबार पेरणी झाली आहे. म्हणजे हा बोल त्यांनी स्वतःलाही लावून घेतला असणार. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शास्त्रात असं नाहीच, असं मला म्हणता येत नाही. आज्ञा मोडणाऱ्यांच्या डोक्यावरचं आकाश पितळेचं होईल, असं बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात आहे. अहाब राजाच्या काळात एलीया संदेष्ट्याच्या शब्दानं पाऊस थांबला. पण त्याच बायबलात निर्दोष असून सर्वस्व गमावलेला ईयोबही आहे. त्याचे मित्र पुन्हा पुन्हा सांगतात, तू काहीतरी केलंच असशील. आणि शेवटी देवाचा राग होतो तो त्या मित्रांवर. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून जास्त अपराधी होती का, असं येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. लगेच पुढे पश्चात्तापाचं बोलतो, हे खरं. पण ते समोर जिवंत उभ्या असलेल्यांना. मेलेल्यांच्या माथी तो काही मारत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तर तो पावसाचंच सांगतो: पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मग लातूरकर मिरजकरांहून जास्त पापी होते? माझ्या तोंडून हे निघणार नाही. उसाला किती पाणी पाजलं, बोअर किती खोल नेले, यात पाप असेल तर ते माणसाचं आहे. त्याची झळ मात्र आधी बसते ती ज्यानं कधी ऊस लावलाच नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला.

मग या दुःखात देव कुठे असतो? ३२५ साली निकियाच्या धर्मसभेत वाद झाला: पुत्र, म्हणजे येशू, पित्याच्याच तत्त्वाचा, की निर्माण केलेला? अनेकांना हा पंडितांचा विषय वाटतो. मला नाही वाटत. पुत्र निर्माण केलेला, असं म्हणणाऱ्या अरियसचं खरं मानलं, तर देवानं दुसऱ्या कोणाला वधस्तंभावर पाठवलं आणि स्वतः दूर राहिला. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा, हे निकियाचं मानलं, तर वधस्तंभावरून "मला तहान लागली आहे" असं म्हणणारा देवच होता. चर्चचे जुने आचार्य म्हणत, देवाचा स्वभाव अविकारी आहे, दुःख भोगलं ते ख्रिस्ताच्या मानवी स्वभावानं. त्यांची काळजी मला कळते. आपल्यासारखाच दुःखानं हेलकावणारा देव आपल्याला तारणार कसा? तरीही होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात देवाचं काळीज एफ्राइमासाठी, म्हणजे त्याच्या हट्टी इस्राएल लोकांसाठी, गलबलतं, ते वाचून मला त्या आचार्यांशी पूर्ण सहमत होता येत नाही.

मग देव पाऊस का पाडत नाही? माझ्याकडे उत्तर नाही. पावसासाठी प्रार्थना मी करते, करत राहीन. पण कोणाची तरी चूक कबूल करवून घेतल्याशिवाय तो ऐकणार नाही, असं मी मानत नाही.

बुधवारी महिला मंडळात शास्त्रपाठ माझ्याकडे आहे. लूक १३, म्हणजे शिलोहाच्या बुरुजाचा अध्याय, घेईन. ईयोब एका बैठकीत व्हायचा नाही.