रात्रीचा दीड आणि बाबांचा भोंगा

आज परत गिरणीच्या भोंग्यावरच गाडी अडकली. मुंबईच्या गिरणगावावर ऑर्केस्ट्रासाठी पीस लिहायला घेतला त्याला आता चार महिने होतील, मधला लोकसंगीताचा भाग झालाय, पण सुरुवातच जमत नाहीये.

मधला भाग तसा आयता मिळाला म्हणायचं. आमच्या चाळीत कोकणातले लोक जास्त, त्यांची भजनाची डबलबारी, समोरच्या चाळीत घाटावरचे, त्यांना तमाशा लागायचा, लालबागला हनुमान थिएटरच होतं ना. शाहिरांचा डफ तर घ्यायचाच होता, अमर शेखांच्या डफाच्या गोष्टी घरात ऐकतच मोठा झालोय. पण ढोलकी नोटेशनमध्ये मावत नाही राव! मी सोळा बार लिहून दिले, ढोलकीवाल्या दादांनी कागद बघितला, घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाले तुम्ही फक्त कुठं थांबायचं ते सांगा. व्हायोलिनवाल्यांचं बरोबर उलटं. साचेखात्याच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या आवाजासाठी त्यांना बो उलटा करून लाकडाने तारांवर टकटक करायला सांगितलं, तेही प्रत्येकाने आपापल्या लयीत, कारण शंभर साचे कधी एका तालात चालत नाहीत. तर एकीने विचारलं, मग फॉलो कुणाला करायचं? कुणालाच नाही म्हटल्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की बस.

शेवटही ठरलाय. १८ जानेवारी १९८२, अडीच लाख गिरणी कामगार संपावर, आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, म्हणून मी पण पीस समेवर आणत नाही, मध्येच सोडतो. कुणाला अर्धवट वाटलं तर वाटू दे.

राहिला भोंगा. तो मी ट्रॉम्बोनला दिलाय, खालून मींड घेत वर. आज जेवणं झाल्यावर बाबांना हेडफोन लावून कॉम्प्युटरवरचा कच्चा ट्रॅक ऐकवला. साचेखात्यात उभी हयात गेली, धोट्याच्या खटखटीने कान गेलेत, व्हॉल्यूम फुल करावा लागतो. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हा आपल्या मिलचा नाय."

मग कुठल्या मिलचा?

"कुठल्याच नाय. आपला अजून वर जायचा."

अर्धा सूर चढवला. "अजून." परत चढवला. आई आतून ओरडली, झोपा आता, शेजारी उठतील. बाबांनी हात वर केला, बोटं हळूहळू छताकडे नेली आणि एका जागी थांबवली, तिथेच बराच वेळ धरून ठेवली, मी आपला कीबोर्डवर तो सूर शोधतोय.

सापडला, पण ट्रॉम्बोनच्या मानाने भलताच वर आहे. उद्या वाजवणाऱ्याला फोन करून विचारायचं, एवढं खेचता येईल का. नाहीतर ट्रम्पेट.