सैन्य परतलं, मागे राहिले त्यांचं काय?

24 मार्च, रात्री

1990 साली आजच्याच तारखेला श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी तिथल्या त्रिंकोमाली बंदरातून निघाली. यादवी पेटलेल्या देशातून परक्या फौजेनं परत जावं की नाही, हा वाद जगात कुठल्याही देशावरून निघाला तरी मला आधी श्रीलंकाच आठवते. तिथे परकी फौज आपली होती.

माझं मत सांगते. परत यायलाच हवं होतं, आणि फार आधी यायला हवं होतं. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. शस्त्रं खाली ठेवायची होती ती वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांनी, म्हणजे लिट्टेनं, आणि करारावर त्यांचीच सही नव्हती. तीन महिने व्हायच्या आत आपले जवान उत्तरेतल्या जाफना या तमिळ शहरात गल्लीबोळांतून त्यांच्याशीच लढत होते. जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या 30 जणांपैकी 29 मारले गेले, एक कैद झाला. नोव्हेंबरमध्ये 8 महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं. परमवीर चक्र मिळालेला हा माणूस मुंबईत जन्मला, महार रेजिमेंटमध्ये लढला, तरी महाराष्ट्रात त्यांचं नाव किती थोड्यांना ठाऊक आहे! याचं मला फार वाईट वाटतं.

पण जवानांचं शौर्य खरं म्हणून त्यांना तिथे धाडण्याचा निर्णय बरोबर ठरत नाही. त्याच ऑक्टोबरात, दिवाळीच्या दिवसांत, आपले सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले आणि डॉक्टर, नर्स, रुग्ण मिळून साठाच्या वर माणसं गेली. लष्कर म्हणालं, दोन्हीकडच्या गोळीबारात सापडली. वाचलेल्यांनी वेगळं सांगितलं, आणि मला त्यांचं खरं वाटतं. घराघरातून गोळी येऊ शकते अशा शहरात, भाषा न कळणाऱ्या, सोबती गमावलेल्या पोरांना बंदूक देऊन उभं केलं की असं घडतं. म्हणून दोष त्यांना तिथे ठेवणाऱ्यांकडेही जातो.

श्रीलंकेच्या दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या सिंहली डाव्या पक्षानं भारतीय फौजेच्या रागावर आपलं बंड पोसलं. 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी आम्हाला जायला सांगितलं, आणि आमच्याशी लढायला वाघांना शस्त्रंही दिली. यजमान नको म्हणतो, ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो तेही नको म्हणतात. मग थांबायचं कुणासाठी? दिल्लीची शान राहावी म्हणून? सुमारे 1,200 जवान तिथे मारले गेले.

सैन्य राहिलं असतं तर पुढचा संहार टळला असता, असं म्हणणारे आहेत. पुढे झालं ते भयंकर होतं, यात वाद नाही. 1990 च्या जूनमध्ये युद्ध पुन्हा पेटलं, पूर्वेकडे शरण आलेल्या शेकडो पोलिसांना वाघांनी गोळ्या घातल्या, ऑक्टोबरमध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना घरंदारं सोडायला लावली. पण रजनी तिरणगामा आठवा. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणारी ही बाई वाघांचे आणि आपल्या फौजेचे, दोघांचेही अत्याचार नोंदवत होती. सप्टेंबर 1989 मध्ये सायकलवरून घरी जाताना तिला गोळ्या घातल्या. तेव्हा आपलं सैन्य जाफन्यातच होतं. मग ते राहून कुणाला वाचवत होतं?

मला डाचतं ते वेगळंच. निघायच्या आधी, आपल्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या वरदराज पेरुमाळांच्या उत्तर-पूर्वेतल्या प्रांतिक सरकारासाठी ‘तमिळ राष्ट्रीय सेना’ उभी केली गेली. त्यासाठी पोरं रस्त्यावरून, घरांतून जबरदस्तीनं उचलली. हातात बंदुका दिल्या, जेमतेम शिकवलं. आपली फौज एकेक जिल्हा सोडत गेली तशी वाघांनी ती पोरं कापून काढली. पुढाऱ्यांना भारतात येता आलं, या पोरांना कुठे जाता आलं? माघारीची तारीख ठरवताना त्यांच्या आयांचा विचार कुणी केला होता का? परतायचं ठरलं होतं तर नवी फौज उभी करायचीच नव्हती, आणि केलीच होती तर त्या पोरांना सोबत आणायला हवं होतं. जहाजं तर येतच होती.

त्या जूननंतर होड्यांत बसून रामेश्वरमला उतरलेल्या कुटुंबांतली कितीतरी आजही तामिळनाडूच्या छावण्यांत आहेत. तिथेच जन्मलेली मुलं मोठी होऊन त्यांनाही मुलं झाली. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहेत, श्रीलंका नाही. ज्या देशाच्या यादवीत आपण फौज उतरवली, तिथून आलेल्यांना आपण अजून निर्वासित म्हणूनच ठेवलंय. ज्यांना इथेच राहायचंय त्यांना नागरिकत्व द्यावं, एवढं तर आपण आजही करू शकतो.